सैंधव की कमी सोडियमचं मीठ?

बीपी निघालं की घरात पहिला बदल ठरलेला: पांढरं मीठ बंद, सैंधव सुरू. उपवासाला चालतं म्हणून ते औषधीही असणार, असा आपला हिशेब! प्रत्यक्षात पांढऱ्या मिठासारखंच सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग देणारी खनिजं इतकी अल्प, की त्यांचा उपयोग शून्य धरावा. शिवाय साध्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. खडे जाड असल्याने चमच्यात थोडं कमी मावतं, एवढाच काय तो फायदा.

कमी सोडियमच्या मिठात मात्र काही भाग खरंच पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) असं २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडवालं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. चव किंचित कडवट. चिंच-कोकमाच्या आमटीत लपते, ताकात जाणवते.

पण मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नका. अशा वेळी रक्तात पोटॅशियम वाढू शकतं, आणि ते हृदयाला धोक्याचं. बाकीच्यांसाठी माझा कौल कमी सोडियमच्या मिठालाच.

अर्थात, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम छोटा चमचाभर मिठाची. पापड, लोणचं, फरसाण रोज पानात असेल, तर डब्यात कुठलं मीठ आहे याने फारसा फरक पडत नाही.