अपाचे फ्लिंक : मोजणी चोख, पण चुकल्यावर गप्प

लातूर, औसा आणि उदगीर इथे सोयाबीनच्या गाड्यांचे तीन वजनकाटे आहेत असं धरा. प्रत्येक काट्याच्या नोंदी काफ्का या संदेश-रांगेच्या आपापल्या पार्टिशनमध्ये (कप्प्यात) पडतात आणि दर १५ मिनिटांच्या आवकेची मोजणी फ्लिंक, म्हणजे येत्या नोंदींचा सतत हिशेब करणारा प्रोग्राम, करतो. बेरजेत फ्लिंक चुकत नाही. आकडा बिघडतो तो वेळेच्या हिशेबात, आणि तिथे हा गडी तोंडातून ब्र काढत नाही. मोठी तक्रार एवढीच.

वॉटरमार्क म्हणजे ‘इथपर्यंतच्या नोंदी आल्या’ असा फ्लिंकने धरलेला अंदाज. तो सगळ्यांत मागे असलेल्या पार्टिशनवर ठरतो. १०:०८ ला औशाची लाईट गेली, काटा बॅटरीवर चालू पण राउटर बंद, की तिन्ही गावांच्या विंडो (मोजणीचे १५ मिनिटांचे तुकडे) अडकतात. त्यावर उपाय म्हणून विथ-आयडलनेस (गप्प पार्टिशनची वाट किती वेळ बघायची ते) १ मिनिटाचा लावला तर गाडं पुढे सरकतं. पण १०:२८ ला औशाच्या साठलेल्या नोंदी येतात तेव्हा १०:१५ ची विंडो बंद झालेली असते. अलाउड-लेटनेस (विंडोची वेळ संपल्यावर किती उशीर चालेल ते) मुळात शून्य, त्यामुळे त्या गाड्या बाद. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. फक्त विंडो ऑपरेटरचा ‘नम-लेट-रेकॉर्ड्स-ड्रॉप्ड’ हा मेट्रिक वाढतो. आकडा कमी वाटला की आधी तोच बघा. साइड आउटपुट (बाद नोंदींसाठी वेगळी वाट) तर पहिल्या दिवसापासून जोडा, म्हणजे नेमकी कुठली गाडी गळाली ते पावतीसकट सापडतं.

लेटनेस ३० मिनिटं केला की उलटा घोळ सुरू होतो. औशाच्या १०:०० ते १०:१५ या विंडोचं पहिलं उत्तर १२. मग उशिरा आलेल्या पाच गाड्यांपैकी प्रत्येकीमागे विंडो पुन्हा उत्तर देते: १३, १४, १५, १६, १७. टेबलात नुसतं इन्सर्ट चालू असेल तर रिपोर्टमधली बेरीज ८७, खऱ्या गाड्या १७. काटा आणि विंडोची सुरुवात मिळून प्रायमरी की (ओळीची ओळख) ठेवा आणि अपसर्ट करा, म्हणजे ती ओळ आधीच असेल तर बदला, नसेल तर घाला.

भारतात हमखास दिसणारा दोष ऑफसेटचा, म्हणजे विंडोची सुरुवात किती सरकवायची त्याचा. विंडो यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) धरून कापल्या जातात, म्हणून ‘दिवस’ पहाटे ५:३० ला सुरू होतो. एवढं बहुतेकांच्या लक्षात येतं. तासाची विंडोही ९:३० ते १०:३० अशी पडते, ते सहसा निसटतं. फ्लिंकचं मूळ बर्लिनचं. तिथलं घड्याळ यूटीसीपासून पूर्ण तासांनीच सरकतं, त्यामुळे तासाचा हा घोळ तिथे दिसतच नाही. डेटास्ट्रीममध्ये (फ्लिंकचा प्रोग्राम लिहायच्या एपीआयमध्ये) दिवसाला उणे ३३० मिनिटं आणि तासाला ३० मिनिटं ऑफसेट द्या. १५ मिनिटांना काहीच लागत नाही.

काट्याचं घड्याळ एक दिवस पुढे असेल तर दिवसभर कळतही नाही, कारण बाकीचे दोघे वॉटरमार्क मागे धरून ठेवतात. रात्री ते आयडल झाले आणि हा एकटा चालू राहिला, की वॉटरमार्क थेट उद्यात जातो. सकाळी त्या दोन काट्यांची पहिली गाडीही ‘उशिरा’ ठरते. भविष्यातली वेळ डिसिरियलायझरमध्येच (आलेली नोंद उलगडणाऱ्या पहिल्या टप्प्यातच) गाळा. पुढच्या फिल्टरपर्यंत पोचेतो वेळ गेलेली असते. तारीख २१ जानेवारी १९७० च्या आसपास दिसली, तर मिलिसेकंदांऐवजी सेकंद आलेत (ही वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजतात).

‘एक्झॅक्टली वन्स’ (प्रत्येक नोंद नेमकी एकदाच मोजू) या शब्दावरही फार विसंबू नका. ती हमी फ्लिंकच्या स्टेटपुरती (आत साठवलेल्या हिशेबापुरती). राउटर परतल्यावर काट्याने तीच पावती दोनदा पाठवली तर फ्लिंकसाठी त्या दोन गाड्याच. पावती क्रमांकावर डीडुप (दुबार नोंद गाळणं) लावा, टीटीएल (क्रमांक किती वेळ लक्षात ठेवायचा ते) सढळ ठेवा. तो भिंतीवरच्या घड्याळावर चालतो, नोंदीतल्या वेळेवर नाही.

तुलनेला काफ्का स्ट्रीम्स, काफ्काचीच अशा मोजणीची लायब्ररी: ३.० पासून तिथे ग्रेस (उशिराची सवलत) द्यायचा की नाही हे मेथडच्या नावातच सांगावं लागतं. ही शिस्त फ्लिंकने उचलायला हवी. उलट तिथल्या टाइम-विंडोजला ऑफसेटची सोय नाही, ‘आपला’ दिवस हवा तर विंडो स्वतः लिहा.

पाचपैकी चार तारे. पण तीन काटे आणि दिवसाला चार-पाचशे पावत्या एवढाच कारभार असेल, तर फ्लिंक नको. पोस्टग्रेस या डेटाबेसवर दर १५ मिनिटांनी एक क्वेरी पुरते, आणि उशिरा आलेली गाडी पुढच्या फेरीत आपोआप मोजली जाते.