रात्री शिजवणारी सूर्यचूल? आधी टाकीतला माल बघा

कृषी प्रदर्शनात विकली गेलेली ही सूर्यचूल. तळाला सीलबंद टाकी, आत पाच किलो ‘खास क्षार’. दिवसभर उन्हात ठेवा आणि रात्री आठला भात लावा, असा दावा. प्रात्यक्षिकात भात मऊ शिजला. घरी नेल्यावर मात्र तांदूळ नुसते फुगून बसले. शेवटी टाकी कापली, तर आत पांढरं, बोटाला बुळबुळीत लागणारं मेण! चिमूटभर पाण्यात टाकलं तर वर तरंगलं. क्षार असता तर विरघळला असता.

फसवणूक आकड्यांतच आहे. मेणाचा अप्रकट उष्मा (वितळताना साठणारी आणि गोठताना परत मिळणारी उष्णता) किलोला साधारण 200 किलोज्यूल, म्हणजे पाच किलोत 1000. अर्धा किलो तांदूळ आणि सव्वा लिटर पाणी उकळीला आणायला 450 पुरतात. कागदावर हिशेब चोख बसतो. पण हे मेण 58-60 अंशांना गोठतं, आणि साठवलेली बहुतेक उष्णता तिथेच बाहेर पडते. साठ अंशांच्या टाकीवर ठेवलेलं पाणी नव्वदला कसं जाणार? हाताला चटका बसतो, डाळ शिजत नाही. प्रात्यक्षिकात भांडं आत ठेवलं तेव्हा भाताला आधीच उकळी आलेली होती. ती नुसती पेटीच्या अस्तरानेही टिकते.

म्हणून विक्रेत्याला किलोज्यूल नव्हे, पदार्थाचं नाव आणि द्रवणांक (तो किती अंशांना वितळतो-गोठतो ते) विचारा. मेणापेक्षा वरचे द्रवणांक असे: मॅग्नेशियम नायट्रेट हेक्झाहायड्रेट हा क्षार 89 अंश, एरिथ्रिटॉल हा साखरेसारखा पदार्थ 118. एरिथ्रिटॉल सांगितलं तरी सावध राहा: भांडं ठेवलेल्या साध्या पेटीत ते पुरतं वितळेल इतकी उष्णता बहुधा मिळत नाही, त्याला मोठे आरसे किंवा परवलय तबकडी लागते. शिवाय ते 118 च्या बरंच खाली उतरूनही द्रवच राहतं, मग ऐन वेळी उष्णता देतच नाही.

टाकी न कापता तपासायचं तर मल्टीमीटरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टाकीला चिकटवून वर लोकर झाका. उन्हातून काढल्यावर दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. आकडा 55-60 वर बराच वेळ अडकला तर आत बहुधा मेण आहे. मेण वितळताना दहा टक्क्यांहून जास्त फुगतं, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या टाकीचा सांधा उकलून गरम मेण बाहेर येतं. पेटीच्या तळाशी ओशट डाग दिसला तर ती तशीच परत करा. अर्धवट शिजलेला भात तिच्यात रात्रभर कोमट ठेवून सकाळी खाऊ नका, त्यात जंतू वाढतात.

बिलावर पदार्थाचं नाव, वजन, द्रवणांक लिहून घ्या. दाव्याचं पत्रक फेकू नका; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार करताना तेच कामी येतं.