आधी मॅराडोना की आधी तेवेझ?

आन्देस पर्वतात विमान कोसळून अडकलेल्या उरुग्वेच्या तरुणांवरचा 'सोसायटी ऑफ द स्नो' हा सिनेमा बघून आमच्या ऑफिसातल्या दोघांनी एकाच आठवड्यात मला एकच गोष्ट विचारली: त्यातला रॉबेर्तो कानेसा झालेला मातियास रेकाल्त, त्याचं आणखी काय बघायचं? दोघांतला एक फुटबॉलवेडा. त्याचं पुढचं शेपूट होतं, "का सरळ मॅराडोनाची सिरीज लावू?" मॅराडोनाची ती आणि रेकाल्तची 'अपाचे', दोन्ही मालिका मी पाहिल्यात, त्याही बऱ्याचशा लोकलमध्ये, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

आधी रेकाल्त. कानेसाच्या भूमिकेसाठी त्याला २०२४ साली स्पेनचा गोया पुरस्कार मिळाला, नवोदित अभिनेत्याचा. पण हा 'नवोदित' २०१९ सालीच 'अपाचे' या आठ भागांच्या मालिकेत चमकून गेला होता. मालिका अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू कार्लोस तेवेझची. रेकाल्त त्यात तेवेझचा जिवलग मित्र, वस्तीत टोपणनाव 'उरुग्वायो', म्हणजे उरुग्वेवाला. अर्जेंटिनाच्या पोराला आधी नावापुरता उरुग्वेवाला केला आणि पुढे खराखुरा! शिवाय तेवेझच्या त्या वस्तीचं सरकारी नाव 'आन्देसची सेना' अशा अर्थाचं, आणि जगाने याला ओळखलं ते आन्देसच्याच बर्फात. योगायोगच, पण मला भारी वाटला.

आता मॅराडोना. 'मॅराडोना: ब्लेस्ड ड्रीम' २०२१ मध्ये आली, दिएगो मॅराडोना जाऊन वर्ष व्हायच्या बेताला. पसारा मोठा. विला फियोरितोची झोपडवस्ती, बार्सिलोना, नेपल्स, सगळं आहे. तरुण दिएगो झालेला नासारेनो कासेरो तर चेंडू छातीवर घेतो तेव्हा क्षणभर खरंच फसायला होतं. जुन्या सामन्यांची आठवण काढून हळवे होणाऱ्यांतले तुम्ही असाल तर ही मालिका तुम्हाला जास्त देईल, हे मी आधीच कबूल करतो. तेवेझची गोष्ट मात्र अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्स क्लबमध्ये पाऊल पडतं तिथपर्यंतच. मँचेस्टर नाही, युव्हेंटस नाही. ते क्लब बघायला बसाल तर हिरमोड होईल.

तरीही माझं बिनसलं ते मॅराडोनाशी, आणि एकाच कारणाने. मालिका सुरू होते २००० साली, उरुग्वेतल्या पुंता देल एस्तेला. दिएगो अत्यवस्थ, हॉस्पिटलात. तिथून थेट लहानपण, परत हॉस्पिटल, परत तरुणपण. आणि दिएगो एक नाही. लहान, पोरगेला, तरुण, चाळिशीला टेकलेला, प्रत्येकाला वेगळा नट. सोफ्यावर सलग बघणाऱ्याला कदाचित हे खटकणार नाही. मी सकाळी बोरिवलीला स्लो पकडतो, दादरला मोबाइल खिशात टाकतो आणि संध्याकाळी तिथूनच पुढे लावतो. सकाळी सोडला तो फियोरितोत अनवाणी पळणारा पोरगा; संध्याकाळी उघडलं तर खाटेवर नळ्या लावलेला गृहस्थ. लगेच तिसराच कुरळ्या केसांचा. हे कुठलं साल? साल पडद्याच्या कोपऱ्यात येऊन जातं, आणि नेमकं त्याच वेळी अंधेरीला चढलेल्या कोणाची तरी सॅक माझ्या मोबाइलवर येते. मागे जा, पुन्हा बघा, तोवर नेटवर्क गेलेलं. वैतागून दोन भाग घरी टीव्हीवर लावले, तर आई कोथिंबीर निवडता निवडता दर पाच मिनिटांनी, "हा आता कोण? मगाशी होता तो गेला का?"

'अपाचे'त असा गोंधळ माझा तरी झाला नाही. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तेवेझ स्वतः समोर येऊन बोलतो आणि मग गोष्ट पुढे सरकते. कुठेही सोडा, कुठूनही उचला. बाल्थासार मुरिल्यो या पोराने तेवेझ केलाय. गळ्यावरून छातीपर्यंत उतरलेला भाजल्याचा व्रण तो जराही मिरवत नाही, लपवतही नाही. खऱ्या तेवेझवर तान्हेपणी उकळतं पाणी सांडलं होतं. पुढे बोकाने शस्त्रक्रिया करून देऊ म्हटलं तर त्याने नको म्हटलं.

आणि 'अपाचे'तल्या वस्तीच्या त्या इमारती. माझं लहानपण संक्रमण शिबिरात गेलं, त्यामुळे मी तटस्थ नाही, हे लक्षात घ्या. दोन इमारतींमधली ती मातीची पट्टी, वरच्या मजल्यावरून कोणीतरी मारलेली हाक, चेंडू गटारात गेल्यावर कोण काढणार यावरची भांडणं. तिथे बंदूक निघते, आमच्याकडे फार तर स्टंप निघायचा. रेकाल्तचा उरुग्वायो मला शिबिरातल्या एका पोराची आठवण देऊन गेला. तो आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला खेळायचा. पुढचं सांगत नाही, मालिकेत कळेल.

आईसुद्धा 'अपाचे'त रमली. तेवेझला जन्मदातीने नाही, मावशीने वाढवलं हे कळल्यावर "माय मरो पण मावशी उरो" म्हणून तिने कोथिंबिरीचं ताट बाजूला ठेवलं आणि नीट मांडी घालून बसली. सबटायटल्स इंग्रजीत, ते मीच वाचून दाखवत होतो. पण "हा कोण?" असं एकदाही विचारलं नाही.

तेव्हा रेकाल्तसाठी येणार असाल तर प्रश्नच नाही, 'अपाचे'. फुटबॉलसाठी येणार असाल तरी मी आधी तेच लावीन. मॅराडोनाही बघा, जरूर बघा, फक्त रविवारी, घरी, सलग, आणि आई देवळात गेलेली असताना.