कपडेपटात वोडका : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा कपडेपट माझ्याकडे असतो. म्हणजे घरातली मागची खोली, तीन पत्र्याच्या ट्रंका आणि दांडीवर टांगलेले पंधरा-वीस अंगरखे, शेरवान्या, बाराबंद्या. यातल्या निम्म्या कपड्यांना पाणी चालत नाही. मखमल बसते, बकरम (आतलं ताठ कापड) घातलेली कॉलर वाकडी होते, चिकटवलेल्या टिकल्या सुटतात. दर प्रयोगानंतर ड्रायक्लीनिंग परवडत नाही. दोन तास दिव्यांखाली घामाने भिजलेला अंगरखा दुसऱ्या दिवशी तसाच पुन्हा नटाच्या अंगावर चढवताना मला अपराधी वाटायचं.

ब्रॉडवेवर आणि लंडनच्या नाटकांत वेशभूषा सांभाळणारी मंडळी अशा कपड्यांवर वोडका फवारतात, हे ऐकून होते. जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, मीही सुरुवात केली. सर्वांत स्वस्त आणि साधी बाटली घेतली. दुकानातच एक दिवसाचा परवाना करून घेतला. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या स्वादाची बाटली मुळीच घेऊ नका. कपड्याला चिकटेल किंवा वास मागे ठेवेल असं काहीच त्यात नको असतं.

पद्धत अशी. प्रयोग संपला की कपडा घडी न करता उलटा करायचा. काख, मानेची पट्टी आणि पाठीचा मधला भाग, फक्त अस्तराच्या बाजूने, वीतभर अंतरावरून फवारायचं. वोडकात पाणी घालायचं नाही. अस्तर ओलसर दिसलं पाहिजे, ठिबकता कामा नये. मग रुंद हँगरवर पंख्याखाली. पहिली दहा मिनिटं दारूचा वास येतो, नंतर तोही जातो आणि घामाचाही. एका अंगरख्याला साधारण १५ ते २० मिली लागते, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत चाळीसेक अंगरखे होतात. आमच्या नायकाने पहिल्या वेळी मला दोनदा विचारलं, "ताई, विंगेत कुणाला वास आला तर?" मी त्याला कॉलर हुंगायला लावली. त्यानंतर त्याने विचारलं नाही.

घामाला वास नसतो, तो खाऊन वाढणाऱ्या जिवाणूंमुळे वास येतो. अल्कोहोल त्यातले बरेचसे मारतं आणि उडून जाताना स्वतःचा मागमूस ठेवत नाही. अत्तराने वासावर वास चढतो, इथे तसं होत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट स्वस्त पडतं, पण त्यात बहुधा मिथेनॉल मिसळलेलं असतं. ते विषारी आहे, आणि कपडा माणसाच्या अंगाला लागणार असतो. म्हणून वोडकाच.

आता जे जमत नाही तेही सांगते. काखेतला पिवळा डाग जात नाही, घामाचं मीठही तिथेच राहतं. जुना, वर्षानुवर्षं मुरलेला वास वरवर जातो आणि अंग तापलं की परत येतो. अशा एका शेरवानीला मी सलग पाच दिवस फवारत राहिले, तेव्हा कुठे फरक पडला. ड्रायक्लीनिंग बंद झालं नाही, पण तीन प्रयोगांनी धुलाईला जाणारा कपडा आता आठ-नऊ प्रयोगांनी जातो. रेशमावर आधी आतल्या शिवणीत एक थेंब टाकून बघा, रंग सुटतो का ते. खऱ्या जरीवर मी अजून फवारलेलं नाही.

एक नुकसान माझ्या हातून झालं. सागवानी खुर्चीच्या पाठीवर अंगरखा टांगून फवारला आणि सकाळी खुर्चीवर हाताएवढा पांढरा, चिकट डाग. सुतारकाकांनी बघताक्षणी सांगितलं, "अहो, हे स्पिरिट पॉलिश. लाखच स्पिरिटात विरघळवून लावलेली असते, ती दारूत सुटणारच." पुन्हा घासून पॉलिश करावी लागली.

बाकी उपयोग थोडक्यात. मेकअपच्या आरशावर बसलेला हेअरस्प्रेचा थर पटकन निघतो. बरणीवरच्या लेबलाचा गोंद निघतो. मोजड्यांवर आलेली पावसाळी बुरशी कापसाच्या बोळ्याने पुसून काढली आणि चामडं कोरडं पडू नये म्हणून वर तेलाचा हात फिरवला. नळावरचे क्षार मात्र जात नाहीत, त्याला लिंबूच हवं.

घामाच्या वासासाठी थेट अंगाला लावण्याचं म्हणाल तर मी दोन आठवड्यांत थांबले. काखेत दाढीचं पातं फिरवल्यावर प्रचंड झोंबतं आणि कातडी कोरडी पडते. हात निर्जंतुक करायला तर अजिबात वापरू नका. त्यासाठी किमान ६० टक्के अल्कोहोल लागतं आणि आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ लिहिलेलं असतं. २०२० मध्ये टिटोज या अमेरिकी वोडका कंपनीने स्वतःच लोकांना सांगितलं होतं की आमच्या वोडकाने हात निर्जंतुक होत नाहीत.

फवारणीच्या बाटलीवर मी मार्करने 'कपड्यांसाठी' असं मोठं लिहून ती कपाटात कुलपात ठेवते, घरात लहान मुलं आहेत. देव्हाऱ्याच्या किंवा गॅसच्या खोलीत कधीच फवारत नाही, कारण वाफ पेट घेते. रंगमंदिरात नटराजाच्या पूजेची समई विंगेत तेवत असेल, तर कपडे बाहेरच्या व्हरांड्यात नेते आणि तिथेच उलटे करते.