मेंदूची ‘तयारीची लहर’ दाखवणारा ईईजी संच: घ्यावा का?

बोट हलण्याच्या साधारण दीड सेकंद आधीच मेंदूची तयारी सुरू होते आणि डोक्याच्या मध्यावर ऋण विद्युतदाब हळूहळू चढतो. कॉर्नहुबर आणि डेके या मेंदू-संशोधकांनी १९६५ साली मांडलेली ही लहर कॉलेजात दाखवायला हा आठ चॅनेलचा ईईजी (डोक्यावरून मेंदूचे विद्युत संकेत टिपणारा) संच पुरतो, पण आधी फिल्टर बदला. कंपनीच्या सेटिंगमध्ये ०.५ हर्ट्‌झखालचं सगळं कापलं जातं आणि लहर नेमकी तिथेच असते! ०.०५ ठेवा.

लहर जेमतेम ५-१० मायक्रोव्होल्टची, एका हालचालीत दिसत नाही. तर्जनी किमान ५० वेळा, मनाला येईल तेव्हा उचलायला सांगा; मध्ये ६-७ सेकंद जाऊ द्या. हाताच्या स्नायूवरचा सिग्नल उठतो तो क्षण शून्य धरून सरासरी काढा. उजव्या बोटासाठी शेवटच्या अर्ध्या सेकंदात डोक्याच्या डावीकडची सी-३ ही इलेक्ट्रोडची जागा उजवीकडच्या सी-४पेक्षा जास्त ऋण होते. फार देखणा आलेख!

इलेक्ट्रोड बसवलेली टोपी मात्र ढिली आहे. इलेक्ट्रोडखालचं जेल ओघळून सी-झेड (डोक्याच्या मध्यावरची जागा) आणि सी-३ जोडले गेले की दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. घामानेही रेघ वाहवत जाते. उन्हाळ्यात एसी हवाच. ज्या फेरीत (बोट उचलण्याच्या एका वेळी) पापणी लवली, ती सरळ वगळा. तरी घ्यायला हरकत नाही.