गच्चीवरचा डेक आणि ‘वाळवंटी’ तेलाचा डबा

गेल्या आठवड्यात पलीकडच्या सोसायटीत हळदीकुंकवाला गेले होते. लिफ्टशेजारच्या फलकावर एक रंगीत पत्रक लावलेलं दिसलं. ‘लाकडी डेक, गच्ची, जिना. वाळवंटात टिकलेलं तेल. 10 वर्षांची लेखी गॅरंटी.’ खाली आरशासारख्या चकचकणाऱ्या लाकडी जमिनीचा फोटो. फोटोच्या कोपऱ्यात तुळशीवृंदावन होतं आणि त्याच्या एका कडेचा टवका उडालेला होता. तो टवका माझ्या नातवाची सायकल धडकून उडालाय. फोटो आमच्याच गच्चीचा होता. पत्रकावरचं नाव मात्र आम्हाला फसवून गेलेल्या ठेकेदाराच्या नावापेक्षा वेगळं होतं, फोन नंबरही वेगळा. सेक्रेटरींना बोलावून मी ते पत्रक काढायला लावलं आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

आम्ही मुलुंडला वरच्या मजल्यावर राहतो. घराला लागून 180 चौरस फुटांची गच्ची आहे. यांना निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा रे रोडच्या लाकूडबाजारात तीन खेपा घालून यांनी स्वतः सागवान निवडलं आणि गच्चीवर डेक करून घेतला. संध्याकाळचा चहा तिथेच होतो. इतक्या वर्षांच्या उन्हाने फळ्या राखाडी पडल्या होत्या, दोन-तीन ठिकाणी बारीक भेगाही दिसत होत्या. पावसाआधी काहीतरी करून घ्यावं असं बरेच दिवस घोळत होतं.

मे महिन्यात एक ठेकेदार आला. असाच पत्रकावरून. बोलायला गोड, ताई-ताई करणारा. म्हणाला, आखातात बारा वर्षं हेच काम केलंय. “ताई, तिकडे पन्नास डिग्रीत हे तेल टिकतं. तुमच्या मुलुंडच्या उन्हाचं काय घेऊन बसलात!” हेच वाक्य आम्हाला पटलं. वाळवंटात टिकतं ते इथे टिकणारच, असं कुणालाही वाटेल. त्याने परदेशी लेबलचा एक सुंदर पत्र्याचा डबा पुढे ठेवला. दर ठरला चौरस फुटाला 220 रुपये, म्हणजे 39,600. त्यातले 25,000 आगाऊ यूपीआयने दिले.

कामाच्या दिवशी काय झालं ते नीट सांगते, कारण सगळी फसवणूक त्या एका दिवसात झाली आणि आम्ही घरात असूनही आम्हाला ती दिसली नाही.

आदल्या संध्याकाळी त्याची दोन पोरं आली, पाइप लावून डेक भरपूर धुतला आणि गेली. दुसऱ्या दिवशी माणसं उगवली साडेअकराला. ऊन असं की अनवाणी पाय ठेवता येईना. मी म्हटलं, थोडं ऊन उतरू दे. तर उत्तर आलं, “गरम लाकूड तेल चांगलं पितं, ताई.” घासकाम म्हणजे वरवर सॅंडपेपर फिरवला, अर्ध्या तासात उरकलं. मग एक हात मारला, जेवून आले, आणि चार वाजता त्याच्यावर दुसरा हात. पत्र्याचा तो डबा कठड्यावर मिरवत होता. ब्रश मात्र एका पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये बुडत होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, डब्यातलं तेल घट्ट असतं, कॅनमध्ये पातळ करून घेतलंय. मी मान डोलावली. त्याच वेळी कॅनपाशी वाकून नुसता वास घेतला असता तरी पुढचं टळलं असतं.

संध्याकाळी डेक असा झळकत होता की शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडचं काम लगेच सांगून ठेवलं. ठेकेदाराने मोबाइलवर पाच-सहा फोटो काढले. आम्ही कौतुकाने बाजूला सरकून त्याला जागा करून दिली. उरलेले 14,600 त्याच संध्याकाळी दिले. बिल आणि शिक्का मारलेलं गॅरंटी कार्ड मिळालं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. चार-पाच दिवसांत फळ्यांवर दुधासारखे पांढुरके डाग उमटले. जुलैत पापुद्रे सुटायला लागले, नखाने ओढलं की लांबच्या लांब सालपट निघायचं. त्याच्या खाली पाणी साचून काळी बुरशी धरली. आणि निसरडं तर इतकं की ऑगस्टमध्ये तुळशीला पाणी घालायला गेलेले हे घसरले आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. पैशांचं दुःख आहेच, पण त्या दिवशी डोकं फरशीच्या कडेला आपटलं असतं तर, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

ठेकेदाराला फोन केला. आधी “गावाला आलोय, ताई.” मग “पाऊस थांबला की बघतो.” मग नंबरच बंद.

माझा भाचा अमेरिकेत अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला असतो. ते खरोखरीचं वाळवंट. 2023 च्या उन्हाळ्यात तिथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला होता. त्याच्या घरामागे लाकडी डेक आहे आणि त्याची निगा तो स्वतः राखतो. सकाळी साडेनऊला, म्हणजे त्याच्या रात्रीच्या नऊला, मी व्हिडिओ कॉलवर त्याला गच्ची दाखवली. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मावशी, इथे वाळवंटात डेकच्या तेलाला दहा वर्षांची गॅरंटी कोणी देत नाही. मी दर वर्षी हात मारतो. फार तर दोन वर्षांनी.”

इथे माझे डोळे उघडले. ज्या उन्हाचा दाखला देऊन त्याने माल विकला, ते ऊनच लाकडाचं सगळ्यात जास्त नुकसान करतं. लाकडाचे धागे धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक अतिनील किरणांनी तुटतो, पावसाने धुऊन जातो, आणि फळी राखाडी दिसायला लागते. त्यावर नुसतं पारदर्शक सीलर लावलं तर पाणी अडतं, ऊन अडत नाही. उन्हाला अडवतात ते रंगाचे कण. म्हणून भाचा रंग असलेलं, लाकडात मुरणारं तेलाचं स्टेन वापरतो. हात पातळ मारायचा, आणि पंधरा-वीस मिनिटांत जे मुरलं नाही ते फडक्याने पुसून काढायचं. वर थर राहताच कामा नये. चांगलं झालेलं डेकचं काम आरशासारखं चमकत नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं.

आणि गरम लाकूड तेल पितं ही शुद्ध थाप. तापलेल्या फळीवर तेल वरच्या वर सुकतं, आत जातच नाही, ब्रशचे पट्टे तेवढे दिसतात. अशा डब्यांवर साधारण 10 ते 32 अंशांची मर्यादा छापलेली असते, त्यातही थेट ऊन नको म्हणून सांगितलेलं असतं. भाचा हे काम थंडीत करतो, फळ्यांवर ऊन यायच्या आत. तिकडची हवा कोरडी, त्यामुळे लाकूड आकसतं, तडकतं. आपल्याकडे उलट. चार महिने लाकूड पाणी पिऊन फुगतं, मग उन्हात आकसतं, आणि वर कडक थर असेल तर तो या ओढाताणीत फाटतो. त्यातून आमच्या फळ्या आदल्या संध्याकाळीच धुतलेल्या. आतलं पाणी आतच कोंडलं गेलं.

मग मी हिशेब मांडला. मुरणारं स्टेन एका लिटरला साधारण 40 ते 80 चौरस फूट जातं. लाकूड जितकं खडबडीत आणि कोरडं, तितकं जास्त पितं. म्हणजे 180 फुटांना एका हाताला सव्वादोन ते साडेचार लिटर हवं. तो परदेशी डबा होता एक लिटरचा. बिलात लावले होते सहा लिटर. डबा आणि कॅन ठेकेदार आमच्याकडेच विसरून गेला होता, म्हणून मी डबा हातात घेऊन पाहिला. झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

नाक्यावरच्या एका जुन्या पॉलिश कारागिराला वर बोलावलं. त्याने सालपट चुरगाळलं, कॅनच्या तळाशी राहिलेल्या मालाचा वास घेतला आणि म्हणाला, घरातल्या दाराला मारतात ते व्हार्निश आहे, भरपूर टर्पेंटाइन ओतून पातळ केलेलं, आणि रंगासाठी स्टेनरची बाटली टाकलेली. बाहेर उन्हापावसात हे मारतच नाहीत.

बिलावरचा जीएसटी क्रमांक तरी खरा असेल म्हणून तपासायला गेले. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही तो तपासता येतो. क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. आमच्या बिलावरचा मोजला तर 14 च अक्षरं. पत्त्यावर हे स्वतः जाऊन आले, तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. यूपीआयवर ज्याच्या नावाने पैसे गेले तो माणूस तिसराच. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर बोलले, त्यांनी नीट ऐकून घेतलं. वांद्रे पूर्वेला उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. पण नोटीस पाठवायची कोणत्या पत्त्यावर, तिथेच आमचं घोडं अडलंय.

डेकचं पुढे काय केलं, तेही सांगते. लाकडातला ओलावा मोजायचं छोटं यंत्र मागवलं. सप्टेंबरअखेर त्यावर 24 टक्के दिसत होते. कारागीर म्हणाला, 15 च्या खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही. किती बरं वाटलं मला ते नकाराचं बोलणं! डिसेंबरात 13 वर आलं. तेल लावण्याआधी चार दिवस व्हार्निश खरवडण्यात गेले, मग 60 नंबरचा कागद, मग 80. त्याहून गुळगुळीत केलं तर लाकडाची छिद्रं बुजतात आणि तेल मुरत नाही, असं त्याने समजावलं. तेलाच्या डब्याचं सील माझ्या समोर फोडलं. सकाळी सातला सुरुवात, साडेनऊला ब्रश खाली. तेलाच्या चिंध्या त्याने लगेच पाण्याच्या बादलीत टाकल्या. अशा चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात ठेवला तर तेल सुकताना आतल्या आत तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. सगळे मिळून 23,000 लागले. पाच हजार त्याने आपणहून थांबवून ठेवायला सांगितले. पहिला पाऊस झाला की फळीवर पाणी मोत्यासारखं थांबतंय की मुरतंय ते बघा आणि मगच द्या, म्हणाला.

त्या फसव्या ठेकेदाराचं पत्रक कुणाच्या सोसायटीत दिसलं, तर फोटोतलं वृंदावन बघा, उजव्या हाताची कड फुटलेली आहे. आणि ज्यांच्याकडे त्याने काम केलं असेल त्यांनी डबा, कॅन, सालपटं, यूपीआयची पावती, यातलं काहीही टाकून देऊ नका. चार-पाच घरं एकत्र आली तर पोलिसांना त्या यूपीआयच्या नावापर्यंत पोहोचायला भाग पाडता येईल. आमचा सील न तुटलेला डबा मी कपाटात जपून ठेवलाय.