पीएस-४ तापून बंद पडतंय? पैठण गेटच्या गल्लीतली 'फुल सर्व्हिसिंग' कशी आहे

संभाजीनगरात पैठण गेटच्या मागे मोबाइलच्या दुकानांची दाटी आहे. त्यातल्या एका गाळ्यात कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासच्या काउंटरमागे कन्सोलचं काम करणारं एक टेबल आहे. पाटी मोबाइलचीच आहे. टेबल एकच, कारागीरही एकच आणि मशीनं आधीच रांगेत, म्हणून दुकानाचं नाव छापू नका असं मालकाचं म्हणणं पडलं. ते पाळून इथे फक्त कामाबद्दल लिहितो.

काम होतं पीएस-४ चं, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन-४ या गेम कन्सोलचं, सीयूएच-१२०० मालिकेतलं. गेम सुरू केला की वीस मिनिटांत फॅन पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागायचा, मग पडद्यावर मशीन फार तापल्याची सूचना, लाल दिवा आणि सगळं बंद. वॉरंटीचा प्रश्नच नव्हता. पीएस-४ भारतात २०१४ च्या जानेवारीत आलं, वॉरंटी एका वर्षाची. आज घराघरांत जी मशीनं चालू आहेत ती जवळपास सगळी वॉरंटीबाहेरची आहेत, त्यामुळे मागच्या स्क्रूवरचं सील फुटेल म्हणून घाबरण्यात अर्थ नाही.

टेबलावर अडीच तास काम आणि नंतर एक तास चाचणी. बिल १,६०० रुपये, त्यात चिपची उष्णता धातूकडे नेणारे पेस्ट आणि पॅड आले. पीएस-४ साठी हे टेबल बिनधास्त गाठावं, पीएस-५ साठी अर्धंच. तसं का, ते खाली सविस्तर.

आधी बिघाड समजून घेऊ, कारण 'ब्लोअर मारून देतो' म्हणणाऱ्या दुकानात पैसे वाया जातात ते तो न समजल्यामुळेच. पीएस-४ मध्ये फॅन कडेच्या फटीतून हवा ओढतो, ती हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पातळ पट्ट्यांमधून ढकलतो, तीच हवा पुढे पॉवर सप्लायवरून जाऊन मागच्या जाळीतून बाहेर पडते. हवेसोबत आलेली धूळ अडते कुठे? फॅन संपून पट्ट्या जिथे सुरू होतात तिथे. त्या तोंडावर धुळीचा एकसंध थर बसतो, जुन्या गादीतल्या कापसासारखा. बाहेरून जाळीत ब्लोअर मारला तर थोडा धुरळा उडतो, गिऱ्हाइकाचं समाधान होतं, पण थर जागेवरच राहतो. आठ दिवसांत पुन्हा गिरणी सुरू.

आपल्याकडचा थर जरा वेगळाच असतो. काळ्या मातीची बारीक धूळ, जालना-परभणीकडे जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू, आणि मशीन स्वयंपाकघराशेजारी असेल तर फोडणीचा तेलकटपणा. त्यात भर कूलरची. उन्हाळ्यात मशीन तापतं म्हणून लोक ते कूलरच्या झोतात ठेवतात. कूलरची हवा ओली असते, ती धूळ ओली करते, पट्ट्यांवर तिचा लेप बसतो आणि वाळून कडक होतो. या मशीनमध्ये नेमकं तेच झालं होतं. चिमट्याने उचललं तर थराचा तुकडा पापडासारखा अखंड निघाला, एका बाजूला पट्ट्यांचे उभे ठसे उमटलेला. कूलर खोलीत जरूर असावा, त्याचा झोत मात्र मशीनवर नको.

आता टेबलावरचं काम. उघडण्याआधी कारागिराने दोन गोष्टी विचारल्या, आणि इथेच त्याच्याबद्दल विश्वास वाटला. सेव्ह केलेले गेम पेन ड्राइव्हवर घेतलेत का? आत गेमची डिस्क आहे का? पीएस-४ मध्ये सेव्ह डेटा यूएसबीवर कॉपी करता येतो, ते घरूनच करून जावं. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर तिच्यावरचं काही वाचता येत नाही, त्यामुळे 'हार्ड डिस्क तर आपल्याजवळच आहे' या भरवशावर राहू नये.

मागच्या सीलखालचे स्क्रू टी-८ चे, मध्ये भोक असलेल्या चांदणीच्या टोकाचे. त्याला तसाच डिसमिस लागतो. साध्या डिसमिसने कोणी तो फिरवायला लागला तर मशीन उचलून घरी यावं, कारण डोकं घासलं की स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागतो. झाकण निघाल्यावर पॉवर सप्लाय. तो सरळ वर उचलायचा, तिरपा ओढायचा नाही, खाली तो पिनांनी बोर्डाला जोडलेला असतो. पॉवर सप्लायची पेटी स्वतः कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जोराचा झटका बसेल एवढा विजेचा दाब काही वेळ राहतो.

नंतर डिस्क ड्राइव्ह आणि त्याच्या चपट्या पट्टीच्या केबली. त्या टोकाला धरून, कुलूप असेल तिथे कुलूप उचलून काढायच्या. ओढून काढली की फाटते, आणि मग डिस्क आत जात नाही किंवा बाहेर येत नाही. ड्राइव्हबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी: सीयूएच-१००० आणि ११०० या आधीच्या मालिकांत त्याच्यावरचा छोटा बोर्ड त्याच मशीनच्या मुख्य बोर्डाशी जोडी जमवलेला असतो. अशा मशीनचा ड्राइव्ह बदलताना दुकानदाराने हा जुना बोर्ड नव्या ड्राइव्हवर चढवला नाही तर गेमच्या डिस्क चालणार नाहीत.

स्क्रू किती निघाले ते महत्त्वाचं, कुठून निघाले ते त्याहून महत्त्वाचं. लांबी वेगवेगळी असते. या कारागिराने पुठ्ठ्यावर मशीनचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. शेवटी पुठ्ठा रिकामा, टेबलावर एकही स्क्रू शिल्लक नाही. ही पद्धत आम्हाला फार आवडली.

मुख्य बोर्ड बाहेर आल्यावर चिपच्या मागे इंग्रजी एक्सच्या आकाराची पोलादी पट्टी असते, तिचे दोन स्क्रू हीटसिंक दाबून धरतात. दोन्ही आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. कारण पीएस-४ ची चिप उघडी असते, तिच्यावर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरसारखं धातूचं झाकण नसतं. एकीकडून एकदम दाब सुटला किंवा पडला तर चिपचा कोपरा टवका उडून जाऊ शकतो.

जुनी पेस्ट पानाच्या डबीतल्या वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती. नखाने खरवडली तर भुकटी. मशीन रोज तापतं, थंड होतं, तसतशी पेस्ट कडेला ढकलली जाते आणि मधोमध, जिथे खरी उष्णता, तिथे कोरडी फट राहते. ती काढायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यांपैकी काहीही नको. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, त्याचा पातळ पडदा मागे राहतो.

नवीन पेस्ट किती? भिजलेल्या साबुदाण्याच्या दोन दाण्यांएवढी, आणि उघड्या चिपवर ती पसरवूनच लावावी, चारही कोपरे झाकले जातील अशी. झाकण असलेल्या प्रोसेसरवर मधोमध एक थेंब चालून जातो. इथे कोपरा कोरडा राहिला तर तेवढाच भाग भाजतो. जास्त थापली तरी फायदा नाही. पेस्ट धातूपेक्षा उष्णता कमीच वाहते, तिचं काम फक्त दोन पृष्ठभागांमधली बारीक फट भरण्याचं. कारागीर ट्यूब दाबता दाबता म्हणाला, "पेस्ट सगळेच लावतेत भाऊ, पट्ट्या कोण धुतंय ते बघा." बोलला ते खरं आहे.

पट्ट्या त्याने अक्षरशः धुतल्या. हीटसिंक सुटा काढून कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना दातांचा ब्रश, मग अल्कोहोलची फेरी आणि ब्लोअरने पूर्ण कोरडं. सुटा धातूच असल्यामुळे हे चालतं. फॅनवर हवा मारताना त्याने पातं बोटाने धरलं होतं. मोकळा सोडला तर फॅन ब्लोअरच्या जोराने भन्नाट फिरतो, त्यात बेअरिंगची वाट लागते, आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करते ती वेगळीच. पंक्चरवाल्याकडची हवा तर मुळीच नको. त्या टाकीत पाणी साचतं, कॉम्प्रेसरचं तेल असतं, दाबही फार.

रॅम आणि पॉवरच्या भागांवरचे थर्मल पॅड फाटले असतील तरच बदलावेत. नवीन पॅड जुन्याच्याच जाडीचा हवा. अर्ध्या मिलिमीटरने जाड पडला की हीटसिंक चिपवर टेकत नाही, आणि नवीन पेस्ट असूनही मशीन आधीपेक्षा लवकर बंद पडतं. 'सर्व्हिसिंग करून आणलं आणि जास्तच बिघडलं' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. या टेबलावर दोन पॅड बदलले, पण जाडी व्हर्नियरने न मोजता अंदाजाने. जमलं, तरी ही कमतरता नोंदवायलाच हवी.

चाचणी एक तासाची, जड गेम लावून. पीएस-४ स्वतःचं तापमान मेनूत दाखवत नाही. कारागिराकडे इन्फ्रारेड थर्मामीटर होता, पण तो त्याने चकचकीत पत्र्यावर धरला. चकचकीत धातूवर ही बंदूक खोटा आकडा दाखवते. मागच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीवर धरायला हवी. खरी परीक्षा कानाने होते: तासाभराने फॅनचा आवाज चढून तिथेच राहतो, की वर-खाली होतो? नीट बसलेल्या मशीनमध्ये मेनूवर परतलं की मिनिटभरात आवाज उतरतो. इथे उतरला.

उणिवा अजून दोन. पावतीवर सीरियल नंबर लिहिला नाही, तो आपण लिहून घ्यावा. आणि एका महिन्याची हमी दिली ती तोंडी.

झुरळांचं वेगळं सांगायला हवं. पॉवर सप्लाय उबदार असतो, त्यात झुरळं घर करतात, आणि मेलेलं झुरळ पिनांमध्ये अडकलं की शॉर्ट. हे दुकान अशी मशीनं घेतं, जास्तीचे पैसे लावून, आणि ते योग्यच आहे. घरी मशीनच्या जाळीत झुरळांचा स्प्रे मारू नका. तो ज्वलनशील असतो आणि बोर्डावर चिकट थर सोडतो.

निळा दिवा लुकलुकून मशीन बंद होत असेल तर ते फक्त तापण्याचं दुखणं नसतं. बऱ्याचदा चिपखालचे सोल्डरचे जोड सुटलेले असतात. त्यावर हीट गनने चिप भाजून 'चालू करून' देणारे सगळीकडे आहेत. मशीन चालू होतं, काही दिवस किंवा आठवडे चालतं आणि पुन्हा जातं. गरम करून जोड तात्पुरता टेकतो, दुरुस्त होत नाही. या कारागिराने असं काम स्पष्ट नाकारलं. आमच्या लेखी त्याचा हा सगळ्यात मोठा गुण.

पीएस-५ बद्दल अर्धंच म्हटलं ते यासाठी. त्याच्या चिपवर पेस्ट नसते, द्रवरूप धातू असतो. तो वीज वाहतो. एक थेंब बोर्डावर सांडला तर मशीन संपलं, आणि ॲल्युमिनियमला लागला तर ते पोखरतो. त्याचं सामान आणि सराव या टेबलावर नाही, आणि ते तसं सांगतात. तिथे फक्त धूळ काढून घ्यावी. खरं तर ती घरीही निघते: बाजूची पांढरी पाती डिसमिसशिवाय सरकवून निघतात, आत धूळ गोळा होण्यासाठी मुद्दाम ठेवलेली दोन भोकं आहेत, तिथे व्हॅक्यूम क्लीनर लावायचा. एक्सबॉक्स सिरीज एस आणि एक्समध्ये मात्र साधी पेस्ट आहे, ते काम इथे होतं.

पूर्ण सर्व्हिसिंगनंतरही एक मर्यादा राहते. सोनीच्या पुस्तिकेत पीएस-४ साठी खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश दिलं आहे. मे महिन्यात नांदेड-परभणीला बाहेरच पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून वर. तिथे दुपारी दोनला मशीन तापलं तर दोष पेस्टचा नाही. सकाळी किंवा रात्री खेळावं, टीव्हीखालच्या बंद कप्प्यातून मशीन बाहेर काढावं, मागे वीतभर जागा सोडावी. आणि सर्व्हिसिंग फेब्रुवारीतच उरकावी. एप्रिल-मेमध्ये या टेबलावर आठ-आठ दिवसांची रांग असते.

लातूर, बीड, हिंगोलीहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मशीन पाठवणाऱ्यांनी गेमची डिस्क आधी काढून घ्यावी, फोमच्या शीटमध्ये गुंडाळून खोका सगळ्या बाजूंनी बोटभर मोकळा ठेवून भरावा, आणि पॉवर केबल वेगळ्या पिशवीत द्यावी. केबल मशीनवर ठेवून बांधली तर रस्त्यातल्या आदळआपटीत तिचा प्लग वरच्या झाकणाला टवका पाडतो. ते झाकण इथे मिळत नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावं लागतं.